चिऱ्याची गाडी मागवण्याआधी

कोकणातल्या अंगणाचं काम दिवाळीनंतरचं, पण त्याची यादी करायला बसायचं ते जुलैत. बसायचं म्हणजे खरं तर उभं राहायचं, डोक्यावर छत्री धरून, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून. हे मला शेजारच्या आप्पाकाकांनी आधी सांगितलं होतं. मी पुण्याहून वही, टेप आणि मोबाइलमधले पन्नास व्हिडिओ घेऊन गेलेलो, त्यामुळे ऐकलं नाही. राजापूरकडच्या आमच्या घराच्या खालच्या अंगाला डिसेंबरात चुलतभावाच्या मदतीने चिऱ्याचा (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचा) तीन फुटी बांध घातला. सिमेंटात, ओळंबा लावून, दरजा (दगडांमधले सांधे) भरून. पुढच्या जुलैत त्याला पोट सुटलं आणि एका पहाटे मधला सात फुटांचा तुकडा खालच्या माडाच्या आळ्यात जाऊन बसला. आप्पाकाका आले, बघितलं, तंबाखू मळत म्हणाले, "बाळा, सगळं केलंस. पाण्याला कुठून जायचं ते सांगितलंस काय?"

तेव्हा पहिलं काम पाण्याचं. जोराची सर पडत असताना अंगणात उभं राहून तीन गोष्टी बघा: पागोळ्या नेमक्या कुठे पडतात, वरच्या अंगाचं पाणी कुठून आत शिरतं आणि सर थांबल्यावर अर्ध्या तासाने डबकं कुठे उरतं. त्या जागी खुंट्या मारून ठेवा. खुंट्या जमिनीत चांगल्या खोल घाला, दिवाळीपर्यंत टिकल्या पाहिजेत. सोबत थोडा हिशोबही करा. छप्पर हजार चौरस फुटांचं आणि दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस (आपल्याकडे असे दिवस मोसमात कितीतरी येतात), तर नुसत्या छपरावरून नऊ हजार लिटरच्या वर पाणी उतरतं. म्हणजे जवळजवळ टँकरभर पाणी एका दिवसात तुमच्या अंगणात ओतलं जातं, आणि त्यात वरच्या डगरीवरून येणारं पाणी धरलेलंच नाही. हा आकडा कागदावर आला की कुठे पन्हळ लावायची, कुठे गटार काढायचं, हे आपोआप सुचायला लागतं. गटाराला आडवा जाणारा रस्ता असेल तर तिथे नळी किती इंची घालायची तेही आत्ताच ठरवा. सहा इंचाखाली जाऊ नका. पाला अडकतो आणि मग भर पावसात हात घालून तो काढावा लागतो.

उतार ठरवताना दहा फुटांना दीड ते दोन इंच धरा. यापेक्षा कमी असेल तर पाणी साचतं, फार जास्त असेल तर खुर्ची डुगडुगते. उतार घरापासून बाहेरच्या दिशेला, हे सांगायची गरज नसावी, पण मी उलटं केलेलं अंगणही पाहिलंय. मापाला महागडं यंत्र लागत नाही. साधी पारदर्शक नळी घ्या, तिच्यात पाणी भरा, आत एकही बुडबुडा राहू देऊ नका. नळीच्या दोन टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं, त्यावरून खुंट्यांवर खुणा करा. बुडबुडा राहिला तर माप चुकतं आणि दोष नळीला दिला जातो.

आता हद्द. गडगा (दगडी कुंपणाची भिंत) घालायचा असेल तर पहिला चिरा लावण्याआधी सातबारा किंवा गावठाणातली जागा असेल तर असेसमेंटचा (घरपट्टीच्या नोंदीचा) उतारा काढून बघा, आणि शंका असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. मोजणीची तारीख यायला वेळ लागतो, म्हणून तेही पावसाळ्यातच टाकून ठेवायचं. कागद असला तरी शेजाऱ्यांना एकदा समोर उभं करून दोरी दाखवा. भाऊबंदकीत नऊ इंचांवरून पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद झालेली घरं प्रत्येक वाडीत आहेत. वहिवाटीची पायवाट अंगणातून जात असेल तर ती अडवू नका, गडग्यात तेवढी वाट सोडा. आणि मध्ये आंबा, फणस किंवा जांभळाचं झाड येत असेल तर आधी नकाशा बदला. ही झाडं तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, आणि खरं सांगायचं तर फणसाच्या सावलीची बरोबरी करणारा मांडव तुम्हाला घालता येणार नाही.

घरातल्या बायकांना विचारणं ही यादीतली स्वतंत्र बाब आहे, आणि ती मी लाजत लिहितोय, कारण मी विचारलं नव्हतं. आमच्या काकूने अंगणाच्या पूर्वेच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "इथे बाक घालणार? आणि आमसुलं कुठे वाळवू मी?" मे महिन्यात त्या कोपऱ्यावर सकाळी आठपासून ऊन असतं आणि आमसुलं, फणसाचे पापड, कुळीथ, सगळं तिथेच पडतं. बाक दुसरीकडे गेला. त्याच धाग्यातली दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्या अंगणभर पेव्हर ब्लॉक घालायचा मोह आवरा. एप्रिल-मेत त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, पाणी मुरायचं बंद होतं आणि दारची विहीर लवकर तळ दाखवते. चालायची वाट आणि बसायची जागा पक्की करा, बाकीचं खळं, म्हणजे अंगण, मातीचं राहू द्या. पावसाळा सरला की खणून, चोपून, शेणाने सारवून ते दरवर्षी नवं होतं. तुळशीवृंदावन हलवायचं असेल तर घरातल्या थोरांना विचारून, आणि तुळशीच्या लग्नानंतर.

जमिनीखाली काय आहे ते चितारून घ्या. विहिरीवरून येणारी पाण्याची पाइपलाइन, पंपाची केबल, शौचालयाचा शोषखड्डा. कुदळीच्या पहिल्या घावात पाइप फुटला तर तो दिवस प्लंबर शोधण्यात जातो, आणि केबल लागली तर काय होईल ते लिहीत नाही. आखणी फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) करा. काटकोन साधायला एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार फूट मोजा. तिरकं माप बरोबर पाच फूट आलं की कोपरा गुण्यात आहे. लांब भिंत असेल तर हेच सहा, आठ, दहा करा, चूक कमी होते.

मग चिरा. इथे थोडं थांबतो, कारण निम्मे पैसे याच्यातच जातात. जांभा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊसर असतो, हवा लागली की कठीण होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन या इंग्रजांच्या नोकरीतल्या डॉक्टराने मलबारात तो पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या वर्णनात त्याला 'लॅटराइट' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लाटेर' म्हणजे वीट. आपल्या लोकांना हे नाव माहीत नसताना त्याचं काम पक्कं माहीत होतं. घेताना ढिगातला वरचा चिरा बघून भुलू नका. मधला एक काढायला लावा, दुसऱ्या चिऱ्याच्या कोपऱ्याने ठोका. खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आला तर आत मातीची भोकं जास्त. पिवळट-पांढरे पट्टे फार असले तर तो चिरा जमिनीत पायाला नको. नखाने कोपरा खरवडून बघा, भुगा पडला तर गाडी परत. आता चिरा मशीनवर कापलेला येतो, तरी खाणीगणिक माप बदलतं. साधारण पंधरा इंच लांब, नऊ रुंद, सात उंच धरून चालू, पण एकाच खाणीचा एकाच खेपेत घ्या. अर्ध्या इंचाचा फरकसुद्धा थरात दिसतो.

किती लागतील? तीस फूट लांब, तीन फूट उंच, नऊ इंची साधा गडगा (मागे माती नाही असा) धरा. दरज धरून एक चिरा दर्शनी सुमारे ०.८ चौरस फूट जागा भरतो, म्हणजे नव्वद चौरस फुटांना १११-११२. पायाला एक थर आडवा घातला तर आणखी ३८. दीडशे झाले, फुटतुटीला दहा टक्के, तेव्हा १६५ सांगा. एक चिरा तीस किलोच्या वर असतो. पाच टन माल आहे हे लक्षात घ्या, आणि तो तुमच्या पाठीने हलणार आहे. वाटेसाठी वेगळा हिशोब: चाळीस फूट लांब, तीन फूट रुंद, चार इंच मुरूम चोपून हवा असेल तर दबल्यावरचे चाळीस घनफूट, म्हणजे सैल पन्नास. एक ब्रास शंभर घनफुटांचा, तेव्हा अर्धा ब्रास मुरूम. त्यावर इंचभर वाळू. चिऱ्याच्या लाद्या वाटेला घालणार असाल तर खरबरीत बाजू वर ठेवा. श्रावणात त्यांच्यावर शेवाळ धरतं आणि पाहुणे त्यावरूनच येतात.

मागे माती अडवणारा बांध असेल तर मात्र यादी बदलते. पाया उंचीच्या निम्म्याहून कमी रुंद नको, म्हणजे तीन फुटांना दीड फूट तरी. दर तीन-चार फुटांवर दोन इंची पीव्हीसी नळीचे तुकडे, जमिनीपासून वीतभर वर, बाहेरच्या बाजूला किंचित झुकते. बांधामागे माती थेट लोटायची नाही, फूटभर रुंदीची काळी खडी आधी उभी भरायची. माझ्या पडलेल्या बांधात यातलं काहीही नव्हतं. बाजूचा आप्पाकाकांच्या आजोबांच्या वेळचा गडगा मात्र तसाच उभा आहे, आणि त्यात चमचाभरही सिमेंट नाही. पाऊस पडला की त्याच्या फटीफटीतून पाणी पाझरतं, मागे काही साचतच नाही. चार फुटांच्या वरचा बांध असेल तर तो हौसेचा विषय नाही, इंजिनिअरला दाखवा.

हत्यारं बहुतेक घरात निघतात: पिकाव, पहार, खोरं, दोन घमेली, कोयती, थापी, ओळंबा, पाणसळ, सुतळीचा गुंडा. पिकावाचा दांडा आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर दुपारी पातं हवेत. सिमेंटसाठी रबरी हातमोजे हवेतच. ओलं सिमेंट बोटांची कातडी खातं आणि ते संध्याकाळी आंघोळीच्या वेळी कळतं. सिमेंटच्या गोण्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि आठवडा-दोन आठवड्यांत संपतील तेवढ्याच.

चामड्याचे हातमोजे आणि गमबूट वेगळ्या कारणासाठी. जुना दगडांचा ढीग उपसायचा म्हणजे तिथे फुरसं, हा छोटा विषारी साप, असू शकतं. वीत-दीड वीत लांब, मातीच्या रंगाचं, अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. मी पाहिलं ते चिऱ्याच्या तुकड्याखाली होतं, रुपयाएवढ्या जागेत डोकं ठेवून. दगडाखाली बोटं घालायची नाहीत. आधी काठीने ठोकायचं, मग पहारीने आपल्याकडचं नाही, तर पलीकडचं टोक उचलायचं, म्हणजे दगड तुमच्या आणि त्याच्या मध्ये राहतो. सापाची लस जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे आणि रात्री गाडी कुणाची मिळेल, हे काम सुरू होण्याआधी विचारून कागदावर लिहा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली तेही बघा.

तारखा. मार्चनंतर माणसं आंब्याच्या कामाला जातात, गवंडी मिळाला तरी हाताखालचा गडी मिळत नाही. एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी खाली जातं, आणि सिमेंटच्या कामाला निदान सात दिवस, आजकालच्या मिश्र सिमेंटला दहा दिवस, रोज पाणी मारावं लागतं. प्यायचं पाणी जपून वापरणाऱ्या घरात बांधाला पाणी मारत उभं राहायला जीव होत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारी. शिवाय शिमग्याला पालखी अंगणात येते, नाचते, आणि तिच्यासोबत सगळी वाडी. त्याआधी आठ दिवस वाळूचा ढीग, गोण्या, फळ्या हे सगळं हललेलं असलं पाहिजे. मांडव तुम्ही बांबूचा घाला की लोखंडी पाइपचा, पालखी खांद्यावर उंच नाचवली तर वरून अडकणार नाही एवढी उंची ठेवा.

गाडीवाल्याला वार सांगून ठेवा, पण त्याच्या शब्दावर जाऊ नका, तो आदल्या रात्री फोन करेल. तेव्हा कपडे वाळत घालायची दोरी सोडून ठेवायची, गटारावर दोन जाड फळ्या टाकायच्या म्हणजे चाक रुतत नाही, आणि चिरे उतरवायची जागा फक्कीने आखून ठेवायची. ती जागा बांधाच्या रेषेपासून पाच-सहा पावलांवर हवी, जुलैत मारलेल्या खुंट्यांच्या आत नको. उतरवताना स्वतः उभं राहून मोजा. आमच्याकडे गाडी पहाटे सहाला आली, मी दात घासत होतो, आणि १६५ पैकी १५८च उतरले हे कळलं तेव्हा ती घाटीखाली गेली होती.