अर्ध्यावर थांबणारा ट्रॉली जॅक: माझा अनुभव

आमचा २ टनी जुना ट्रॉली जॅक (गाडी उचलायचा, चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक जॅक) हँडल कितीही मारले तरी अर्ध्यावरच थांबत असे आणि दाब मऊ लागत असे. रिलीज व्हॉल्व्ह (दाब सोडून जॅक खाली आणणारी झडप) घट्ट करून पाहिला, वरून तेल ओतले, पण उपयोग झाला नाही. दोन रविवार वाया गेल्याचे फार वाईट वाटले. ब्रेक ऑइल घालण्याचा सल्ला मी मानला नाही, कारण त्याने जॅकची रबरी सील फुगून खराब होऊ शकतात.

नाना पेठेतून जॅकसाठीचे हायड्रॉलिक ऑइल आणले. सपाट फरशीवर, वजन नसताना, आर्म (गाडी उचलणारा दांडा) पूर्ण खाली आणून तेलाच्या छिद्राचे रबरी बूच काढले आणि तेल छिद्राच्या किंचित खालपर्यंत भरले. मग रिलीज व्हॉल्व्ह डावीकडे फिरवून उघडा ठेवला आणि हँडल पूर्ण पल्ल्याने १५ वेळा झपाट्याने मारले, तेव्हा छिद्रातून बुडबुडे आले. दाब मऊ लागत होता तो पंपात अडकलेल्या या हवेमुळे; ती नुसते तेल ओतून निघत नाही. व्हॉल्व्ह बंद करून आर्म वर नेला, पुन्हा खाली आणला आणि बुडबुडे थांबेपर्यंत हाच क्रम तीनदा केला. पातळी आर्म खाली असतानाच पाहावी, अन्यथा जास्तीचे तेल आर्म उतरताना बाहेर येते. बूच बसवून गाडी उचलली; जॅक पूर्ण उंचीपर्यंत गेला आणि खचला नाही. त्यानंतरच गाडीला आधाराचे स्टँड लावून मी गाडीखाली गेलो.