गुरुत्रिज्या ते खगोलीय एकक: तीन आकडे पुरेत

आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेतलं व्याख्यान ऐकून परग्रहांची (इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची) कोष्टकं उघडली, की ग्रहाचा आकार गुरुत्रिज्येत (गुरू ग्रहाच्या त्रिज्येच्या पटीत) आणि ताऱ्यापासूनचं अंतर खगोलीय एककात (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतराच्या पटीत) दिलेलं दिसतं. सगळं किलोमीटरमध्ये नेलं तर शून्यंच मोजत बसावं लागतं. त्यापेक्षा हे पाठ करा: १ खगोलीय एकक, म्हणजे सुमारे १४.९६ कोटी किमी, बरोबर २३,४५५ पृथ्वीत्रिज्या, २,०९२ गुरुत्रिज्या किंवा २१५ सूर्यत्रिज्या. अंतराला गुणा; उलट जायचं तर भागा.

१९९५ साली सापडलेला ५१ पेगासी बी हा परग्रह त्याच्या ताऱ्यापासून साधारण ०.०५ एककावर आहे. म्हणजे जेमतेम १०५ गुरुत्रिज्या! बुधसुद्धा सूर्यापासून ०.३९ एककावर, सुमारे ८१५ गुरुत्रिज्या दूर आहे.

घोळ होतो तो त्रिज्या-व्यासाचा. वरचे आकडे विषुववृत्तीय त्रिज्येचे आहेत. व्यासात हवं असेल तर निम्मे करा. शाळेसाठी प्रतिकृती करताना व्यासच सोयीचा. पृथ्वी १ सेंटिमीटरची गोळी धरली, तर सूर्य ११७ मीटरवर आणि तब्बल १०९ सेंटिमीटर रुंद. सूर्य पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्याच्या एका टोकाला ठेवलात, तर गुरू त्याच रस्त्यावर ६१० मीटरवर येतो. वर्गात हे मावत नाही, मैदानच गाठा.