शिलोंडा पायवाटेवर जाण्याआधी

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या शिलोंडा वाटेवर परस्पर शिरू नका. आधी नाव नोंदवा, मार्गदर्शकाबरोबरच जा. सोमवारी उद्यान बंद असतं.

गेटवर उजाडता उजाडता पोहोचा. ऊन चढलं की पक्षी गप्प होतात. कपडे मातकट, पूर्ण बाह्यांचे. बूट जुने, पायात रुळलेले. नवे बूट पहिल्या तासातच टाच सोलतात. पाणी माणशी २ लिटर. खाऊ सॅकच्या आत, कारण हातातली पिशवी माकडं हिसकावतात. दुर्बीण ८×४२ (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. १० पटीची हातात जास्त हलते, आणि झाडीत पक्षी सापडेपर्यंत उडून जातो.

मार्गदर्शकाच्या पुढे चालू नका. वाटेवर आडवं विणलेलं कोळ्याचं जाळं त्याला आधी दिसतं, तुम्ही पुढे असलात तर थेट तोंडाला लागतं! झाडाला टेकण्याआधी बुंधा बघा, ओंबील (झाडावरच्या लाल मुंग्या) चावतात. पानं शिवून केलेली त्यांची घरटी वर फांदीवर असतात.

पावसाळ्यानंतर खरी भीती खाजकुयलीची. वेलीवर लटकणाऱ्या वाळक्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी लव असते, ती वाऱ्यानेही उडते. अंगाला लागली तर चोळू नका. चोळल्याने ती पसरते आणि आत रुतते. चिकटपट्टी दाबून ओढा, पट्टी बदलत राहा, मग साबणाने धुवा. कपडे वेगळे धुवा.

इथलं कारवीचं झुडूप ८ वर्षांनी एकदा फुलतं. २०२४ला फुललं होतं, त्यामुळे सध्या फक्त पानं दिसतील.