चामड्याच्या पट्ट्यावर नक्षी काढताय?

धारावीत चामडं घेताना आधी विचारा, व्हेज टॅन (झाडाच्या सालीने वगैरे कमावलेलं) आहे ना, कारण क्रोम टॅनवर (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यावर) नक्षीचा ठसा नीट बसतच नाही, जाडी ३ ते ४ मिमी बघा. स्पंजने ओलं करा आणि लगेच ठोकायला बसू नका, थांबा, रंग परत मूळचा व्हायला लागला पण हाताला गार लागतंय ना, तेव्हाच ठसा खोल उमटतो. ओल्या चामड्यावर लोखंडी पट्टी ठेवू नका हां, काळा डाग पडतो, माझा एक अख्खा पट्टा असाच गेला 😭 मग रंग, थोडं तेल. कडा पॉलिशपेपरने घासून, जरा ओल्या करून जाड कापडाने चमकेपर्यंत रगडा, हात दुखतो. पावसाळ्यात पंख्याखालीच वाळवा, प्लॅस्टिकमध्ये ठेवलात की बुरशी आलीच.