एआय स्पर्धेतल्या कामाचा शोधनिबंध कसा छापावा

जळगाव, धुळे, शिरपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं हल्ली एआयच्या स्पर्धांत हिरिरीने उतरतात. निकाल लागतो, प्रमाणपत्र येतं आणि सगळं काम लॅपटॉपमध्येच पडून राहतं. ते छापता येतं, पहिला नंबर नसला तरीही.

स्पर्धा निवडतानाच निबंधाचा विचार करा. कॅगल या ऑनलाइन स्पर्धांच्या संकेतस्थळावर बक्षीस असतं, निबंधाची सोय सहसा नसते. भाषेवरच्या सेमएव्हल या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेत मात्र सहभागी संघांना आपल्या पद्धतीवर निबंध लिहायला बोलावतात. तपासणीनंतर तो एसीएल अँथॉलॉजी या भाषा-संगणनाच्या निबंधांच्या ऑनलाइन संग्रहात येतो. आपल्याकडे २००८ पासून ‘फायर’ हे माहिती-शोधावरचं संमेलन भरतं. त्यातल्या ‘हासोक’ स्पर्धेत २०२१ मध्ये मराठीतली आक्षेपार्ह ट्वीट्स ओळखायची होती. तिथले निबंध सीईयूआर या ऑनलाइन संग्रहात कुणालाही फुकट वाचता येतात.

पहिल्या दिवसापासून वही ठेवा: कोणत्या सबमिशनमध्ये काय बदललं, सीड (यादृच्छिक निवडीची सुरुवात ठरवणारा आकडा) कोणता, लायब्ररीची आवृत्ती कोणती. नंतर यातलं काहीही आठवत नाही.

आता लिखाण. आपला नंबर एका वाक्यात सांगून मोकळे व्हा. निबंधाचा जीव आहे तो ‘हे का चाललं’ यात. २०१२ च्या इमेजनेट या चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत अॅलेक्सनेट या विजेत्या मॉडेलची चूक १५.३ टक्के होती, दुसऱ्या क्रमांकाची २६.२. पण ते बनवणाऱ्यांच्या निबंधात हेही होतं, की मॉडेलचा मधला एखादा थर काढला तर अचूकता सुमारे २ टक्क्यांनी घसरते. तुम्हीही तेच करा. एकेक भाग काढून मॉडेल पुन्हा चालवा, वेगवेगळे सीड घ्या, सरासरी आणि फरक तक्त्यात मांडा.

मग चुकलेली उदाहरणं स्वतः वाचा. इथे खान्देशातल्या मुलांचं पारडं जड आहे. एखाद्या वाक्यात ‘मन्हा’, ‘तुन्हा’ आलं तर ती अहिराणी आहे हे तुम्हाला क्षणात कळतं. टोकनायझरने (मजकुराचे मॉडेलसाठी तुकडे पाडणाऱ्या प्रोग्रॅमने) त्या शब्दाचे किती तुकडे केले ते बघा, प्रमाण मराठीतल्या ‘माझा’, ‘तुझा’शी ताडून पाहा. असं एक पान निबंधाला खरं वजन देतं.

आयोजकांचा निबंधाचा साचा ओव्हरलीफ या ऑनलाइन लेखन-साधनात उघडा, पानांची मर्यादा पाळा, संपूर्ण स्पर्धेवरच्या त्यांच्या आढावा-निबंधाचा संदर्भ न विसरता द्या. इतर संघांचे निबंध तपासायला सांगितलं तर नाही म्हणू नका. त्यातून खूप शिकायला मिळतं. नोंदणीची फी लागते का, ते आधीच विचारा.

‘तीन दिवसांत प्रकाशन, फक्त पैसे भरा’ असे मेसेज आले तर सरळ डिलीट करा. यूजीसीने मान्य जर्नल्सची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे जर्नलची पारख आता आपल्यालाच करायची आहे. गाईडना विचारा, जुने अंक उघडून वाचा.

निबंध मंजूर झाला की कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाका. डेटा मात्र आयोजकांच्या परवानगीशिवाय टाकू नका, आणि उदाहरणादाखल दिलेल्या ट्वीटमधली माणसांची नावं आधी पुसा.