मामा तलावासाठी गाव कसे एकत्र आणावे: पोकलेन येण्याआधीची आणि नंतरची कामे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत मामा तलाव म्हटला की कोणाचा मामा, असे कोणी विचारत नाही. माजी मालगुजारी तलाव, त्याचे हे लघुरूप. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव मालगुजारी (जमीनदारीसारखी सारावसुलीची पद्धत) संपली तेव्हा, म्हणजे १९५०-५१ च्या सुमारास, सरकारजमा झाले. पाळ (तलावाचा मातीचा बांध) राखणारा मालक गेला. पाण्यावर हक्क सांगणारे मात्र होते तेवढेच राहिले. तेव्हापासून गाळ साचतोय, बेशरमाची झुडपे माजतायत आणि दर उन्हाळ्यात कोणीतरी म्हणतो, ‘एक पोकलेन आणा, काम होऊन जाईल.’

पोकलेन मिळणे आज फारसे अवघड नाही. अवघड आहे ते तलावावर जगणाऱ्या चार-पाच गटांना आधी एका कागदावर आणणे. हा कागद होण्याआधी मशीन आली, तर गाळ निघतो आणि भांडण गावात राहते.

तलाव कोणाचा, हे आधी शोधा

तलाठ्याकडून सातबारा आणि नकाशा काढा. सोबत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकलाही मागा. पाणी, मासे, गुरांची वाट यांच्या जुन्या वहिवाटी या कागदांत सापडतात आणि सभेतली निम्मी भांडणे तिथेच मिटतात. लहान तलाव बहुधा जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात, मोठे राज्याच्या जलसंपदा विभागाकडे. ज्याच्या ताब्यात तलाव, त्याची लेखी परवानगी लागते. ‘साहेब हो म्हणाले’ एवढ्यावर काम सुरू करू नका.

सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद दिसली तर थांबा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच धरल्या आहेत, त्यामुळे वन विभागाला विचारल्याशिवाय तिथे मशीन उतरवता येत नाही. तलाव वनक्षेत्रात असेल आणि गावाला सामूहिक वनहक्क मिळाले असतील, तर बाजू भक्कम होते. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(१) मध्ये निस्तार हक्क आणि जलसाठ्यातले मासे व इतर उपज यांवरचा हक्क, दोन्ही आहेत.

कोणाकोणाला बसवायचे

पाळीखालचे धानवाले शेतकरी सभेला न बोलावताही येतात. बाकीच्यांच्या घरी जावे लागते. ढिवरांच्या मच्छीमार संस्थेकडे मासेमारीचा ठेका असतो. तलावाच्या गर्भात, वरच्या अंगाला, काहीजण पाणी उतरले की गाळपेर करतात; त्यातली काही शेती सरळसरळ अतिक्रमणाची असते. गुराखी असतात. कमळकंद, शिंगाडा, पाणभाजी काढणाऱ्या बाया असतात आणि त्यांना तलावाची माहिती सगळ्यांत जास्त असते.

यांचे हितसंबंध एकमेकांना काटतात. शेतकऱ्याला शेवटच्या पाण्यापर्यंत तलावाचे पाणी सोडायचे गेट उघडे हवे असते. ढिवराला उन्हाळ्यात बीजमासा जगेल एवढे पाणी हवे असते. गाळपेरवाल्याला पाणी लवकर उतरायला हवे असते, आणि तलाव पुन्हा पूर्ण भरला तर त्याचेच शेत आधी बुडते. गाळ काढायला सगळे ‘हो’ म्हणतात. पाणी किती ठेवायचे, हे विचारले की मौन. म्हणून पहिल्या बैठकीत गाळाचा विषय काढूच नका, गेटचा काढा.

बैठका दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, दिवसांत घ्या. बाहेरगावी गेलेली माणसे तेव्हा घरी असतात आणि धान निघू लागल्याने हातात थोडा वेळ असतो. गटागटाने वेगळे बसा, मग एकत्र. एकत्र बैठक सरपंचाच्या अंगणात नको, शाळेत किंवा समाजमंदिरात घ्या. सरपंचाशी ज्याचे पटत नाही तो त्याच्या अंगणात येत नाही, आणि पुढे अडवणूक तोच करतो.

ग्रामसभेचा ठराव

२६ जानेवारीची ग्रामसभा यासाठी सोयीची. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांत जो आकडा कमी तो लागतो. तिच्याआधीच्या महिला सभेत हाच विषय घ्या. तिथे बायका बोलतात, मोठ्या सभेत बऱ्याचदा बोलत नाहीत.

‘गाळ काढण्यास मंजुरी देण्यात येत आहे’ एवढाच ठराव निरुपयोगी आहे. कोणत्या खुणेला पाणी आले की गेट बंद, हे त्यात हवे. मासे काढून घ्यायची शेवटची तारीख संस्थेने सांगायची आणि ती तशीच ठरावात लिहायची. गाळ कोणाच्या शेतात आधी जाणार, याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि यादी ठरावाला जोडा. बुडणाऱ्या गाळपेर शेतांची नावे व गट क्रमांक लिहा. त्यांना पहिल्या फेरीचा गाळ किंवा मत्स्यबीजात वाटा, जे ठरेल ते. शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे: गाळ फक्त शेतात जाईल, विकला जाणार नाही. वीटभट्टीवाला पहिल्या आठवड्यातच येतो आणि रोख घेऊन येतो. एक ट्रॉली जरी तिकडे गेली तरी गावाचा विश्वास तिच्यासोबत जातो.

मोजमाप

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी उतरत गेले की दर ४० ते ५० मीटरवर एक मीटर लांब-रुंद खड्डा घ्या. काळा-करडा मऊ गाळ कुठे संपतो आणि पिवळी चिकण माती किंवा मुरूम कुठे लागतो, ते टेपने मोजून नकाशावर लिहा. याच खड्ड्यांतले नमुने माती परीक्षणाला द्या. भंडारा जिल्ह्यात साकोलीचे कृषी विज्ञान केंद्र जवळ पडते. गाळात रेती जास्त निघाली तर तो भाग शेतात नेऊ नका.

समजा तलाव ४ हेक्टरचा आहे. त्यातल्या दीड हेक्टरवर सरासरी ०.८ मीटर गाळ काढायचा म्हटले तर १२,००० घनमीटर होतात. साठवण तेवढीच वाढते, म्हणजे १ कोटी २० लाख लिटर. पोकलेन तासाला सुमारे ६० घनमीटर काढते असे धरले तर २०० तास, रोज आठ तासांनी २५ दिवस.

हिशेब चुकतो तो वाहतुकीत. उपसलेला गाळ फुगतो; जमिनीतला एक घनमीटर ट्रॉलीत सव्वा होतो. तेव्हा १२,००० चे १५,००० झाले. एक ट्रॉली साधारण एक ब्रासची, म्हणजे ३ घनमीटरच्या आसपास. खेपा झाल्या ५,०००. रोजच्या २०० खेपा. शेत दोन किलोमीटरवर असेल तर भरून, रिकामी करून परत यायला ४० मिनिटे जातात, एका ट्रॅक्टरच्या दिवसाला १२ खेपा. म्हणजे १७ ट्रॅक्टर हवेत. गावात सहाच असले तर मशीन दिवसाचा बराच वेळ उभी राहील आणि ताशी भाडे चालू राहील. शेजारच्या गावांचे ट्रॅक्टर आधीच ठरवा, नाहीतर लहान मशीन घ्या.

याच कारणाने कामाचे पैसे खड्डा मोजून द्या, ट्रॉल्या मोजून नाही.

पैसा आणि हिशेब

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ ची, २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली. तीत मशीन व इंधनासाठी घनमीटरमागे ३१ रुपये दर धरलेला आहे. वरच्या उदाहरणात ३,७२,००० रुपये. वाहतूक शेतकऱ्याने करायची. अल्प व अत्यल्प भूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातील शेतकऱ्यांना घनमीटरमागे ३५.७५ रुपये अनुदान आहे, एकरी ४०० घनमीटरपर्यंत. चालू वर्षाचा दर अर्ज करण्याआधी पंचायत समितीत पाहून घ्या. ४०० घनमीटर एकरभर पसरले की जेमतेम १० सेंटीमीटरचा थर बसतो, आणि धानाच्या बांधीला (खाचराला) तेवढा पुरे. त्याहून जाड टाकला की बांधीची पातळी बिघडते, एका कोपऱ्यात पाणी आणि दुसऱ्यात कोरड. आपल्या उदाहरणात १२,००० घनमीटरला ३० एकर लागतील. शेतकऱ्यांची यादी तेवढ्यापुरतीच करा.

कंपनीचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) मिळाला तर उत्तम, पण तो वापरणारी संस्था सीएसआर-१ नोंदणी असलेली हवी. मार्चअखेरीस पैसे सुटतात आणि एप्रिलमध्ये मशीन लागते, म्हणून बोलणी डिसेंबरमध्येच करा.

खाते तिघांच्या सहीचे: एक शेतकरी, एक ढिवर संस्थेचा, एक बचत गटाची ताई. सकाळ-संध्याकाळ मशीनच्या मीटरचा फोटो, डिझेलची पावती आणि दिवसाचे तास हे सगळे रोज संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा. व्हॉट्सअॅपवर टाकलेला हिशेब म्हाताऱ्यांना दिसत नाही, आणि शंका बऱ्याचदा त्यांच्याच असतात.

खोदताना

मार्च-एप्रिलमध्ये सकाळी गाव मोहफुले वेचायला जाते, मे महिन्यात तेंदूपत्त्याला. श्रमदान आणि देखरेख या वेळांत मागू नका, माणूस मिळणार नाही. मशीनचे काम १५ एप्रिल ते मेअखेर.

पाळीच्या पायथ्यापासून किमान १० ते १५ मीटर जागा हात न लावता सोडा. पायथ्याशी खोदले की पाळ आतून खचते. पिवळी माती दिसली की थांबा. खाली अजून मिळेल म्हणून मुरमापर्यंत गेलेले तलाव दिवाळीआधी रिकामे होतात, कारण पाणी धरून ठेवणारा थरच उपसला गेलेला असतो. हा मोह ठेकेदाराला असतोच, त्यामुळे प्रत्येक शिफ्टला गावातला एक माणूस मशीनजवळ हवा. कडा उभ्या कापू नका. गुरे उतरतात, पाणथळ पक्षी कडेने चरतात. एकास तीनचा उतार ठेवा. मध्ये एक डोह मात्र मुद्दाम खोल करा, मरळीसारखे देशी मासे उन्हाळा तिथे काढतील.

बेशरम मुळासकट काढून वाळवून जाळा. त्याचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी पुन्हा फुटतो. पण सगळा तलाव घासून स्वच्छ करू नका. देवधान (जंगली भात) आणि इतर पाणवनस्पती असलेला साधारण तिसरा भाग तसाच राखा. गोंदिया-भंडाऱ्यात सारस याच तलावांवर आणि धानाच्या बांधीत वावरतो, आणि पाण्यातल्या गवताशिवाय बरेच देशी मासे अंडी घालत नाहीत. ज्या भागातली वनस्पती गेली, तिथे पहिल्या पावसानंतर चिखलात दुसऱ्या तलावातली रोपे मातीच्या गोळ्यासकट लावा. कोणती, कुठे, किती पाण्यात, हे ढिवर बायांनाच विचारा. मत्स्यबीज सोडताना गवत्या, म्हणजे ग्रासकार्प, टाळा; लावलेली रोपे तो आधी खातो.

पावसाळा आणि पहिले पाणी

पऱ्हे (धानाची रोपे) टाकायच्या आधी पाळ पायी फिरा. उंदराची बिळे, खेकड्याची भोके, पिंपळ-वडाची उगवलेली रोपे, बाहेरच्या बाजूला ओल. बिळे खणून उघडी करा आणि चिकण माती थराथराने ठोकून भरा. वरून नुसती माती टाकली तर पाणी तेच भोक शोधते.

सांडव्यावर मातीच्या पोती रचून पाणी वाढवायची कल्पना दरवर्षी कोणाला तरी सुचते. तिला थारा देऊ नका. सांडव्याची उंची पाळीच्या उंचीशी बांधलेली असते. मोठ्या पावसात पाणी सांडव्याऐवजी पाळीवरून गेले तर ती एका रात्रीत फुटते. उंची बदलायची तर विभागाच्या अभियंत्याकडूनच.

गेटची किल्ली पाणकराकडे, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाकडे, द्या, पण गेटच्या भिंतीवर ऑइलपेंटने दर दहा सेंटीमीटरला रेघ मारा आणि ठरावातली ‘गेट बंद’ खूण लाल रंगाने. ऑक्टोबरात भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाला शेवटचे पाणी हवे असते तेव्हा पाणकरावर दबाव येतो, रात्री कोणीतरी गेट उचलतो. लाल रेघ असली की वाद पाणकराशी होत नाही, सकाळी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसतेच. रात्री गेट उचलणाऱ्याला काय दंड, हे जानेवारीच्या ठरावातच लिहून घ्या; ऑक्टोबरात ते ठरत नाही.