ट्रॅक्टर-ट्रॉलीवर भाड्याचा धंदा: भाडं सांगण्याआधी माल कुठं ओतायचा ते बघा

ट्रॅक्टर दारात आहेच, एक डंपिंग ट्रॉली (ट्रॅक्टरच्या तेलावर चालणाऱ्या जॅकनं पुढून वर उचलून माल मागं ओतणारी) घेतली की भाड्याची कामं सुरू, असा सल्ला गावोगाव मिळतो. ट्रॉली कुठली घ्यावी, हप्ता किती बसेल, खेपेला किती मागावेत हे सगळे हौसेनं सांगतात. भरलेली ट्रॉली कुठं उभी करायची आणि कशी उचलायची, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. या धंद्यात पैसे तिथंच जातात आणि माणसंही तिथंच जातात. म्हणून बाकीचं इथं थोडक्यात सांगतो आणि ट्रॉली रिकामी करण्याबद्दल नीट बोलतो.

आधी कागद. शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्यानं चालवायचा नसतो. ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दोन्हींची व्यावसायिक वापरासाठी नोंदणी आणि दोन्हींचा विमा करून घ्या. ‘सगळे असंच चालवतात’ म्हणणारा माणूस अपघाताच्या दिवशी तुमच्यासोबत नसतो. विमा कंपनी मात्र पहिल्यांदा नोंदणीचाच कागद मागते, आणि दावा फेटाळला गेला तर भरपाई तुमच्या अंगावर येते.

वाळू, मुरूम, खडी असा माल असेल तर वाहतूक पास लागतो. सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीवरून निघालेल्या पासवर तुमच्याच गाडीचा नंबर आहे का, वेळ संपलेली नाही ना, हे माल भरायच्या आधी स्वतः वाचा. ‘पास मालकाकडं आहे, तुम्ही निघा’ असं कोणी म्हटलं तर निघू नका. जप्त होते ती तुमची गाडी, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली दंड मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो.

ट्रॉलीला मागं चालू दिवे आणि लाल रिफ्लेक्टर हवेतच. अंधारात उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही.

आता मापाचं. गिऱ्हाईक ब्रासमध्ये बोलतं आणि ट्रॉलीची क्षमता टनांत असते, घोळ इथून सुरू होतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 2 फूट उंच फाळक्याच्या (कडेच्या पत्र्याच्या) ट्रॉलीत 120 घनफूट मावतं. त्यात शेणखत शिगोशीग भरलं तरी ट्रॉली कुरकुरत नाही. कोरडी वाळू मात्र ब्रासला साडेचार टनांच्या आसपास जाते आणि ओला गाळ पाच टनांवरही जातो. म्हणजे तीच ट्रॉली खताला पूर्ण भरायची आणि ओल्या गाळाला फाळक्याच्या बरीच खाली ठेवायची. किती खाली, हे अंदाजानं ठरवू नका. जवळच्या वजनकाट्यावर प्रत्येक मालाची एक-एक खेप तोलून घ्या आणि फाळक्याच्या आतून रंगानं खुणा करून ठेवा. जादा भाराला मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा खर्च. दंड चुकला तरी टायर, पाटे आणि हुक ते पैसे वसूल करतातच.

दोन चाकांच्या ट्रॉलीत माल भरताना वजन धुऱ्याच्या (दोन चाकं जोडणाऱ्या आसाच्या) किंचित पुढं राहील असं बघा. सगळा ढीग मागं पडला तर हुक वर ओढला जातो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि जागेवर फिरतात. फार पुढं पडला तर चढावर पुढची चाकं उचलतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. जेसीबीवाल्याला घाई असते, त्याला बकेट कुठं ओतायचं हे तुम्ही खाली उभं राहून दाखवायचं.

आता ट्रॉली रिकामी करायची वेळ. सुरुवातीच्या काळात मला सगळ्यात जड गेलं ते हेच काम, कारण ते शिकवणारं कोणी नव्हतं. लिव्हर ओढला की ट्रॉली वर जाते, त्यात शिकायचं काय, असं वाटतं. पण ट्रॉली वर जाताना चार-पाच टन माल हवेत उचलला जात असतो आणि खाली आधार फक्त दोन चाकांचा असतो. एक चाक नांगरटीत दबलं, एका बाजूला बुजवलेला चर असला, किंवा एका टायरात हवा कमी असली, तर खाली दिसणारा चार बोटांचा फरक वर जाता जाता हातभर होतो. ट्रॉली कलायला लागली की थांबवायला वेळ मिळत नाही.

म्हणून जागा पायी चालून बघा. ट्रॅक्टरवर बसून दिसते ती जागा आणि पायाखाली लागते ती जागा वेगळी असते. टाच दाबून बघा. आमच्या सीना नदीकाठच्या काळ्या रानात वरचा पापुद्रा वाळलेला आणि आत ओल, हे नेहमीचं. टाच रुतली तर तिथं उचलायचं नाही. शेतकरी म्हणेल, अजून दहा पावलं आत घ्या. नाही म्हणा. बांधाजवळ टणक जागी ढीग करा आणि पसरायचं काम वेगळं धरा. गाव नवं असलं की नाही म्हणणं अवघड जातं, तरी म्हणायचंच.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका रेषेत सरळ उभी करा. वाकड्या हुकावर उचलू नका, घाई असली तरी नाही. मागचा फाळका आधी उघडा, मग उचला. बंद फाळक्यावर मालाचा दाब आला की कडी उघडत नाही, आणि ती हातोड्यानं ठोकायला माणूस नेमका मागं जाऊन उभा राहतो, जिथं त्यानं कधीच उभं राहू नये. उचलताना मागं आणि दोन्ही बाजूंना कोणी नको. पोरं बघायला येतात, त्यांना लांब पाठवल्याशिवाय लिव्हरला हात लावू नका.

आता चिकट माल. ओला गाळ आणि काळी माती ट्रॉलीच्या तळाला धरून बसते. मागचा अर्धा माल जातो, पुढचा अर्धा वर लटकून राहतो, किंवा एका बाजूचा जातो आणि दुसऱ्या बाजूचा तसाच. ट्रॉली कलंडायची सगळ्यात मोठी भीती याच क्षणी असते. इथं बहुतेक ड्रायव्हर ट्रॅक्टरला झटका देतात. पुढं घे, करकचून ब्रेक मार, परत पुढं घे. ही सवय अत्यंत वाईट आहे आणि ती ज्याला आहे त्याला मी माझी ट्रॉली देत नाही. झटक्यानं जॅक वाकतो, पिन घासते, आणि माल एका बाजूनं सुटला तर ट्रॉली दुसऱ्या बाजूला जाते. करायचं ते असं: ट्रॉली पूर्ण खाली घ्या. फावड्यानं चिकटलेला माल सैल करून मधोमध ओढा. परत हळू उचला. दहा-पंधरा मिनिटं जातात, जाऊ द्या. ट्रॉली वर असताना आत चढून किंवा खाली शिरून माल ओढणाऱ्याला तिथल्या तिथं थांबवा. उचललेल्या ट्रॉलीखाली जायचंच असेल, ग्रीससाठी असो वा दुरुस्तीसाठी, तर ट्रॉली रिकामी करून आणि चेसीवर भक्कम टेकू लावूनच. जॅकला तेल पुरवणारा होज पाइप फुटायच्या आधी इशारा देत नाही.

चिकटू नये म्हणून भरायच्या आधी तळावर कोरडी वाळू किंवा राख पातळ पसरा. ओला माल रात्रभर ट्रॉलीत ठेवू नका, सकाळी तो दगडासारखा बसलेला असतो.

आणि तारा. वर बघितल्याशिवाय लिव्हर ओढायचा नाही. 10 फुटांची ट्रॉली पूर्ण उचलली की तिचं पुढचं टोक जमिनीपासून 12 फुटांच्या आसपास जातं. शिवारातल्या झोल पडलेल्या तारा तेवढ्यावर असतात. तारेखाली उचलायचं नाही, शेजारीही नाही, चांगलं अंतर सोडून. तार चिकटलीच तर ड्रायव्हरनं सीटवरच बसून राहायचं, बाकीच्यांनी लांब थांबून 1912 वर फोन करून लाइन बंद करायला सांगायचं. आग लागल्यामुळं उतरावंच लागलं तर ट्रॅक्टरला आणि जमिनीला एकाच वेळी अंग न लावता दोन्ही पाय जोडून उडी मारायची, आणि पाय जोडूनच बारीक उड्या मारत दूर जायचं.

आता भाडं. जागा बघितल्याशिवाय ते सांगूच नका. ‘डिझेल किती लागेल ते काढा आणि त्यावर नफा चढवा’ हा सल्ला चुकीचा आहे, कारण डिझेलच्या हिशेबात वेळ दिसत नाही. समजा जेसीबीनं भरायला 10 मिनिटं, जायला 25, रिकामं करायला 5, परत यायला 20. खेप एका तासाची, दहा तासांत दहा खेपा. हाच माल चिकट असला आणि रिकामं करायला 25 मिनिटं लागली, तर खेप 80 मिनिटांची होते आणि दहा तासांत सातच बसतात. अंतर तेच, रस्त्याचं डिझेल तेच, पण दिवसाची तीस टक्के कमाई गेली. म्हणून दिवसाला किती मिळायला हवेत हे आधी ठरवा: हप्ता, ड्रायव्हर, डिझेल, टायरची झीज, विमा आणि तुमची मजुरी. मग त्या जागेवर किती खेपा बसतात त्यानं भागा. टणक अंगणात मुरूम आणि ओल्या रानात गाळ, अंतर सारखं असलं तरी दोन्हींचा दर एक असूच शकत नाही.

उन्हाळ्यात गाळाची कामं भरपूर असतात. धरणातला गाळ काढून शेतात टाकायची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही सरकारी योजना 2017 पासून आहे आणि 2023 च्या निर्णयानुसार पात्र लहान शेतकऱ्याला घनमीटरला 35.75 रुपये अनुदान आहे. एका ब्रासमध्ये 2.83 घनमीटर, म्हणजे ब्रासला साधारण 101 रुपये. ही आकडेमोड शेतकऱ्यासमोर बसून करा. नाहीतर सगळं भाडं सरकार देणार असं तो धरून चालतो आणि शेवटच्या दिवशी वाद होतो. तुमचं भाडं तुम्ही त्याच्याकडूनच घ्यायचं, अनुदान हा त्याचा आणि सरकारचा व्यवहार.

खेपांची नोंद दोन वह्यांत ठेवा, एक तुमच्याकडं, एक गिऱ्हाईकाकडं, आणि प्रत्येक खेपेला सही घ्या. पहिल्या दिवसाचे पैसे पहिल्याच संध्याकाळी मागा. दुसऱ्या दिवशी माल पडायच्या आधी ते मिळाले नाहीत तर ट्रॅक्टर दुसऱ्या कामावर न्या.

संध्याकाळी ट्रॉली पूर्ण खाली घेऊन ट्रॅक्टरचं तेल तपासा. ट्रॉली वर असताना बरंच तेल जॅकमध्ये असतं, त्यामुळं पातळी कमी दिसते आणि माणूस वर तेल ओतून बसतो. होजची टोकं पुसून टोपण लावा, कारण बहुतेक ट्रॅक्टरांत जॅकचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं आणि टोकाला लागलेली माती सरळ आत जाते. बिजागऱ्यांच्या पिनांना ग्रीस द्या आणि दोन्ही टायरांची हवा सारखी आहे का ते गेज लावून बघा. टायरला लाथ मारून कळत नाही.